बाही धरायची, थाप ऐकायची

पहाटे सव्वापाच

जुलैत कराडच्या हवेला इतकी ओल असते की रात्री कोरड्या करून रचून ठेवलेल्या मॅट सकाळी हाताला पुन्हा दमट लागतात. आमच्या ज्युदोच्या वर्गाचा हॉल भाड्याचा आहे, एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा. आमची वेळ संपली की तिथं कधी भजनी मंडळ बसतं, कधी कुणाचा साखरपुडा असतो. त्यामुळं मॅट रोज उचलायच्या आणि रोज अंथरायच्या. एकमेकींत दात अडकणाऱ्या, मीटरभर चौरस, चार सेंटिमीटर जाड. अंथरून झाल्या की मी अनवाणी, एकेका सांध्यावर टाच दाबत सगळीकडून फिरते. पाच वर्षांच्या मुलाच्या पायाची करंगळी ती केवढी, पण दोन मॅटमधली फट तिला नेमकी सापडते.

मग जंतुनाशकाच्या पाण्यात पिळलेलं फडकं. पावसाळ्यात अंगाला अंग लागणाऱ्या कुठल्याही खेळाचा पहिला वैरी म्हणजे नायटा. तालमीतही तो असतो, ज्युदोच्या मॅटवरही असतो. एका मुलाच्या मानेवर उठलेलं वर्तुळ बघता बघता इतरांच्या हातांवर दिसायला लागतं. वर्ग बुडू नये म्हणून आईबाप लपवतात, वर पावडर लावून पाठवतात. मी चारचौघांत काही बोलत नाही. बाजूला घेऊन सांगते की डॉक्टरांचं औषध पूर्ण होईपर्यंत मॅटवर नाही, पण वर्गाला यायचंच. कडेला बसून आकडे मोजायचे, घड्याळ लावायचं, नमस्काराला सगळ्यांबरोबर उभं राहायचं. मूल घरी बसवलं की त्याला वाटतं आपल्या हातून काहीतरी पाप झालंय.

सहा ते सव्वासात मोठ्यांचा वर्ग. कॉलेजची मुलं, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण सगळ्यांच्या डोक्यात असतं आणि त्यात वावगं काही नाही. त्यांचं त्यांना कळतं. मी वेळ लावते, पकड सुधारते, बाकी बघत राहते.

सकाळी साडेदहा

गावातल्या एका शाळेत पहिलीचा तास. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, खाली फरशी आणि तिच्यावर सतरंजी. मॅट नाही, म्हणून इथं पाडणं नाही आणि पडणंही नाही. अस्वलासारखं चार पायांवर चालायचं, खेकड्यासारखं उलटं चालायचं, बेडकासारख्या उड्या मारायच्या. बघणाऱ्याला हा निव्वळ पोरखेळ वाटतो. पण खेकडा चालताना खांदे अंगाचा भार पेलायला शिकतात, अस्वल चालताना मान आणि पाठ एका रेषेत राहते. ज्या मुलाच्या मानेत ताकद नाही त्याला मी पुढं मॅटवर उभ्यानं पडू देत नाही. म्हणजे शिकवणं इथंच सुरू झालेलं असतं.

शेवटची दहा मिनिटं थांबण्याचा खेळ. ‘हाजिमे’ म्हटलं की पळायचं, ‘माते’ म्हटलं की जिथं असाल तिथं थांबायचं. हे दोन्ही ज्युदोच्या पंचांचे शब्द: सुरू करा, थांबा. सहा वर्षांच्या मुलाला पळायला शिकवावं लागत नाही. थांबणं मात्र त्याच्या अंगात अजून आलेलं नसतं. कान ऐकतात, पाय आणखी तीन पावलं जातात. जूनमध्ये ‘माते’नंतर अर्धा वर्ग पळतच असायचा, आज चार-पाच जण उरले. मी या खेळात कुणालाच बाद करत नाही. बाद झालेलं मूल बसून राहतं, आणि सराव तर त्यालाच सगळ्यांत जास्त हवा असतो.

तास संपल्यावर ऑफिसात बोलावणं. स्नेहसंमेलनाला मुलांकडून कौलं फोडून दाखवाल का, अशी विचारणा गेल्या वर्षीही झाली होती, आजही झाली. मी नाही म्हणाले. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात. मनगटातल्या, बोटांतल्या त्या कोवळ्या कुर्चेवर आघात झाला तर हाडाची वाढ वाकडी होऊ शकते. टाळ्या मिळतील, व्हिडिओ गावभर फिरेल, पण मुलाच्या मनात पक्कं बसेल की ही विद्या म्हणजे काहीतरी फोडणं. त्याऐवजी मुलं व्यवस्थित नमस्कार करून, पडून, उठून दाखवतील, असं मी सुचवलं. ऑफिसातल्या बाईंना ते फिकं वाटलं. तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही. तास काढून घेतला तर घेतला.

दुपारी एक

जेवण झाल्यावर तासभर संध्याकाळच्या वर्गाची वही. हा तास मी कुणाला देत नाही. कोण कुणाबरोबर, कुणाचं वजन काय, कुणी अजून बसूनच पडायचं, कुणी उकिडवं, कुणी उभ्यानं, हे सगळं आधी लिहून ठेवते.

या काळजीमागं जपानची हकीकत आहे आणि लहान मुलांना अंगझटीचा कुठलाही खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकानं ती वाचलेली असावी असं मला तळमळून वाटतं. ज्युदो तिथं जन्मला. कानो जिगोरो यांनी 1882 साली टोकियोतल्या एका देवळात बारा तातामींवर तो शिकवायला सुरुवात केली. त्याच देशात 1983 नंतरच्या तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभरावर मुलं दगावली. बहुतेक मृत्यू डोक्याच्या दुखापतीनं. बरीच मुलं नवशिकी, आणि पाठीवर पाडणारे डाव, त्यातही ‘ओसोतो-गारी’. समोरच्याचा पाय मागून उडवायचा आणि त्याला सरळ मागं पाडायचं, असा तो डाव. मान कच्ची असेल तर डोकं शरीराच्या मागून झटक्यानं फेकलं जातं. ते जमिनीवर आपटायलाच हवं असं नाही. नुसत्या त्या झटक्यानं मेंदूवरच्या शिरा तुटून आत रक्त साचू शकतं. मूल उठून उभं राहतं, ‘काही नाही झालं’ म्हणतं, आणि नंतर कोसळतं.

फ्रान्समध्ये ज्युदो खेळणाऱ्यांची संख्या जपानपेक्षा मोठी आहे आणि त्यात लहान मुलं भरपूर. तिथं मात्र असं झालं नाही. पैसे घेऊन शिकवायचं तर तिथं सरकारी पदविका लागते आणि लहान मुलांचा अभ्यासक्रम वेगळा असतो. जपानमध्येही पालक संघटित झाले, आवाज उठवला, नियम बदलले, शिक्षकांना डोक्याच्या दुखापतीबद्दल शिकवलं जाऊ लागलं. आणि 2022 साली जपानच्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण उघड सांगितलं: जिंकण्याच्या नादात लहानग्यांची वजनं उतरवली जात होती, आईबाप आणि प्रशिक्षक मुलांवर आणि पंचांवर ओरडत होते. ज्यांनी हा खेळ जगाला दिला त्यांनीच असं केलं. आपल्याकडं सहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात पदक घालायची जी घाई असते ती बघताना मला हे पुन्हा पुन्हा आठवतं.

दुपारी तीन

तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत सहावी ते आठवीच्या मुली. समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं आत्मरक्षणाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं, त्याचा हा वर्ग. तीन महिन्यांत कुणी लढवय्यी होत नाही आणि तसं मी मुलींना भासवतही नाही. मनगट सोडवून घेणं, पोटातून ओरडणं, पळणं, आणि पळून कुणाकडं जायचं हे आधी ठरवून ठेवणं, एवढं पक्कं झालं तरी पुष्कळ. आज ओरडण्याचा सराव घेतला. पहिल्या रांगेतल्या मुलींच्या तोंडून आवाजच निघेना. आजवर कुणी त्यांना ओरड म्हणून सांगितलेलंच नव्हतं. शेवटी सगळ्या मिळून ओरडल्या तेव्हा शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. मुली लाजून गप्प बसतील असं वाटलं होतं, पण त्या त्यांच्या देखत पुन्हा ओरडल्या.

संध्याकाळी पाच

आता पाच ते सात वर्षांची पिल्लं. पंचेचाळीस मिनिटं, मुलं सोळा, मोठ्यांच्या वर्गातली एक मुलगी मदतीला. सोळाच्या वर मी घेत नाही. माझी नजर एका वेळी तेवढ्यांवरच पुरते.

चपला दाराशी, जोड्या लावून, तोंडं बाहेर करून. नखं बघते. वाढलेली असतील तर नेलकटर माझ्याकडं असतं. मग रांगेत गुडघ्यांवर बसून नमस्कार. कानोंच्या देशात त्याला ‘रेई’ म्हणतात, तालमीत माती कपाळाला लावतात. मुलांना मी एवढंच सांगते की समोरचा आपल्याला स्वतःचं अंग शिकायला देतोय, म्हणून त्याला आधी नमस्कार.

दाराजवळ एक मुलगा आजही मॅटवर आला नाही. तो येतो, ड्रेस घालतो, आणि चपलांच्या रॅकपाशी बसून राहतो. आजोबा त्याला दंडाला धरून आत ढकलायला बघतात. ‘‘आवं ताई, जरा दटावा की. घरात नुसता धिंगाणा घालतोय, आन् हितं बघा.’’ मी आजोबांना खाली चहाला पाठवलं आणि मुलाच्या हातात शिट्टी दिली. खेळ कधी थांबवायचा ते त्यानं ठरवायचं. त्यानं तीनदा वाजवली, तिन्ही वेळा बाकीच्या पंधराजणांच्या घोळक्यानं त्याचं ऐकलं. चौथ्यांदा तो वाजवायला मॅटच्या काठावर आला होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

पडण्याचा धडा रोज असतो. या वर्गात दुसरं काही राहून गेलं तरी चालतं, पण पडायचं शिकल्याशिवाय कुणी घरी जात नाही. आधी पाठीवर झोपायचं. हात पोटावर. डोळे पट्ट्याच्या गाठीवर. गाठ बघायला हनुवटी आपोआप छातीला टेकते आणि डोकं मॅटपासून उचललेलं राहतं. ‘हनुवटी आत घ्या’ म्हटलं तर मुलं मान ताठ करतात. ‘गाठ बघा’ म्हटलं की बरोबर होतं. मग दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, एकदम मॅटवर. सगळ्यांचा एकत्र आवाज आला की हॉल दणाणतो आणि मुलांना तोच आवडतो. त्या आवाजानं पडण्याची भीती निम्मी होते. हात मॅटवर आपटले की पडण्याचा जोर पाठीच्या एकाच जागी न बसता हातभर पसरतो.

त्यानंतर बसून मागं लोळायचं. मग उकिडवं बसून. मग उभ्यानं. मग कुणीतरी चार पायांवर ओणवं झालेलं, त्याच्या पाठीवरून. एकेका पायरीला कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला तीन महिने. मी घाई करत नाही. पडताना हात मागं टेकवायचा नाही, ही गोष्ट अंगात मुरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण हात टेकणं माणसाला उपजत येतं. मनगट, कोपर, गळ्याजवळचं हाड, लहान मुलांचे यांतले बरेचसे मोड त्या टेकलेल्या हातातून होतात. ज्युदोतच नाही, शाळेच्या पायऱ्यांवर, सायकलवरून, ओल्या मोरीतही.

एक मुलगी आहे, वर्गातली सगळ्यांत लहान. ती बसून उत्तम पडते. उकिडवं झालं की तिची नजर गाठीवरून सुटून छताकडं जाते. आज तिच्या पट्ट्याच्या गाठीत मी लाल रिबिनीचा तुकडा खोचला. ‘‘मानेमागं हात ठेवू का?’’ म्हणून विचारलं, तिनं मान हलवली, मग ठेवला. हे विचारणं मी कधीही गाळत नाही. हा खेळच अंगाला हात लावण्याचा आहे, म्हणून तर कुठला स्पर्श विचारून झाला पाहिजे आणि कुठं नाही म्हणता येतं, हे मुलाला इथं रोज दिसलं पाहिजे. पालकांना हॉलमध्ये बसायची केव्हाही मुभा आहे, आणि बंद दाराआड एका मुलाला एकटं शिकवणं माझ्या वर्गात होत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानं मुलांना जे संरक्षण दिलं ते कागदावर राहू नये, ही आम्हा शिकवणाऱ्यांची पहिली जबाबदारी आहे.

रिबिनीकडं बघत ती पाच वेळा पडली. चार वेळा नजर जागेवर होती. पाचव्या वेळी पुन्हा छत.

सहा वाजता

आठ ते अकरा वर्षांची मुलं. इथं पाडणं सुरू होतं, आणि त्याबरोबर माझ्या शिकवण्याचा खरा गाभा.

ज्युदोत पाडणारा एका हातानं समोरच्याची बाही धरतो आणि दुसऱ्या हातानं कॉलर. डाव लागतो, समोरचा हवेत जातो. त्या क्षणी बाही सोडायची नाही. उलट वर ओढून धरायची. त्यानं पडणाऱ्याचं वरचं अंग क्षणभर अडतं, तो कुशीवर येतो, कंबर आधी टेकते, डोकं मागं राहतं आणि मोकळा हात मॅटवर मारायला त्याला वेळ मिळतो. बाही सोडली तर तो गोणीसारखा आपटतो. दोघांच्या मधली ही बाही म्हणजे पाडणाऱ्याच्या हातात असलेली दुसऱ्याच्या डोक्याची काळजी. मुलांना मी सांगते, पाडलंस हे मला दिसलं, आता तो कसा पडला ते दाखव. बाही सुटली असेल तर डाव कितीही सुंदर लागला तरी मी ‘छान’ म्हणत नाही.

आज ‘सेओई-नागे’ घेतली. समोरच्याचा हात खांद्यावरून ओढून त्याला पाठीवरून पुढं टाकायचं. एका मुलीचे आजोबा गोळेश्वरच्या बाजूचे, तरुणपणी माती खेळलेले. ते बाकावरून म्हणाले, ‘‘ही तर आमची धोबीपछाड!’’ खाशाबा जाधवांचं गोळेश्वर कराडला लागूनच. हेलसिंकीत 1952 साली त्यांनी मिळवलेलं कांस्यपदक या भागातल्या घराघरांत आजही सांगितलं जातं आणि कुस्तीचे डाव बघताक्षणी ओळखणारी माणसं बाकावर बसलेली असतात, हे मी माझं भाग्य समजते. आजोबांना मी मॅटवर बोलावलं. त्यांनी चप्पल काढली, मॅटला हात लावून कपाळाला लावला, आणि पाय कुठं ठेवायचा ते मुलांना दाखवलं. माझ्यापेक्षा त्यांचं नेमकं होतं. गुडघे वाकवून समोरच्याच्या कमरेखाली शिरायचं, हे मी महिनाभर सांगत होते. त्यांनी एकदा खाली बसून दाखवलं आणि मुलांना उमगलं. मग मी त्यांना बाहीची गोष्ट दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘‘आमच्यात चितपट झाला की झालं. पर हे पोरांसाठी झ्याक हाय.’’

शेवटची वीस मिनिटं जमिनीवरची पकड. गळा आवळणं आणि कोपर मोडण्याचे डाव मी या वयाला शिकवत नाही. जपानमध्येही प्राथमिक शाळेच्या मुलांना ते बंद आहेत. फक्त दाबून धरायचं. ‘केसा-गातामे’ म्हणजे समोरच्याच्या कुशीला बसून एक हात मानेखालून, एक त्याच्या दंडाला, आणि अंगाचा भार छातीवर तिरका. वजनं जुळवूनच जोड्या लावते. आणि नियम एकच, पण तो मोडता येत नाही: खालच्यानं दोनदा थाप मारली, मॅटवर, अंगावर, कुठंही, की वरच्यानं त्या क्षणी सोडायचं.

एका जोडीत आज तसं झालं नाही. खालच्यानं थाप मारली, वरच्यानं ऐकली, त्याच्या चेहऱ्यावर ऐकल्याचं दिसलं, आणि त्यानं आणखी आवळलं. अर्धा क्षण असेल. मी दोघांना सोडवलं. खालचा रडवेला होऊन म्हणाला, ‘‘ताई, ह्यानं सोडलंच न्हाई!’’ दुसरा लगेच, ‘‘मी जिंकत होतो की!’’

मी रागावले नाही. या वयात जिंकण्याचा जोर अंगात चढला की कान बंद होतात. सकाळी पहिलीतल्या पोरांच्या पायांचं जे होतं तेच इथं हातांचं. सगळा वर्ग गोल बसवला आणि त्या मुलाला म्हटलं, आता तू खाली झोप. मदतीच्या मोठ्या मुलीनं त्याला केसा-गातामेत धरलं, बेताचं, पण सुटता येणार नाही असं. तो धडपडला, मग थांबला, मग त्यानं दोनदा थाप मारली. पहिल्या थापेचा आवाज विरायच्या आत तिनं हात काढून घेतले होते. असं पाच वेळा. पाचव्या वेळी तो धडपडलाच नाही, नुसती थाप मारली, आणि ती सोडते का ते बघत राहिला. मग त्याची आणि त्याच्या जोडीदाराची पुन्हा जोडी लावली. यावेळी त्यानं सोडलं. जरा लवकरच सोडलं. मी तेही चालवून घेतलं.

पाणी पिताना मी त्यांना टोकियोची गोष्ट सांगितली. 1964 चं ऑलिंपिक, ज्युदो पहिल्यांदाच त्यात आलेला, आणि खुल्या गटाचा अंतिम सामना. एका बाजूला जपानचा कामिनागा, दुसऱ्या बाजूला हॉलंडचा धिप्पाड अँटोन गेसिंक. सगळा जपान बघत होता. गेसिंकनं कामिनागाला आत्ता आपण केली त्याच पकडीत, केसा-गातामेत धरून ठेवलं आणि सामना जिंकला. त्याच्या देशाचे लोक आनंदानं मॅटकडं धावत सुटले. गेसिंक अजून खालीच होता, त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. मग उठला, कपडे नीट केले, हरलेल्या कामिनागाला वाकून नमस्कार केला. ‘‘त्यांना का थांबवलं?’’ एकीनं विचारलं. उत्तर दुसऱ्या कुणी नाही, थाप न ऐकणाऱ्या त्या मुलानंच दिलं. ‘‘कारण नमस्कार बाकी हुता.’’

साडेसात

मॅट उचलताना पालक भोवती जमतात. रोजचा प्रश्न पट्ट्याचा. ‘‘म्याडम, शेजारच्या क्लासमधी सहा महिन्यांत हिरवा दिला. आमच्या पोराचा अजून पिवळाच कसा?’’ मी शांतपणे सांगते की रंगांच्या पट्ट्यांची एवढी लांब शिडी ज्युदोच्या सुरुवातीला नव्हतीच. कानोंकडं पांढरा आणि काळा होता. मधले बहुतेक रंग नंतर युरोपात रुजले, शिकणाऱ्यांचा हुरूप टिकावा म्हणून. हुरूप टिकावा यासाठी मीही ते देते. पण ज्याच्या हातून बाही सुटते त्याला मी पुढचा रंग देत नाही, मग त्यानं कितीही जणांना पाडलेलं असो. काही जण हे ऐकून दुसरीकडं जातात. गेलेल्या मुलांची मला काळजी वाटते, राग येत नाही.

एका आजीबाईंनी वेगळंच विचारलं. गेल्या वर्षी अंगणात घसरून त्यांचं मनगट मोडलं. नातीला रोज घरी गादीवर पडताना बघतात. ‘‘मला शिकवशील का गं पोरी?’’ मी हसण्यावारी नेलं नाही. स्वीडनमध्ये वयस्कर माणसांना ज्युदोतलं पडणं शिकवण्याचे वर्ग चालतात. गादीवर, बसून, अगदी सावकाश, आधी डॉक्टरांना विचारून. रविवारी सकाळी या म्हटलं.

रात्री नऊ

वही. संध्याकाळच्या दोन्ही वर्गांतल्या नावांपुढं आजच्या खुणा. कुणाची हनुवटी, कुणाचा हात मागं टेकला, कुणी डोकं दुखतं म्हणालं का. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप येतेय असं पडल्यानंतर कुणी म्हणालं तर त्याच्या घरी रात्रीच फोन जातो आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्याला मॅट बंद. आज कुणी म्हणालं नाही.

फोनवर एका वडिलांचा निरोप आला होता. पुढच्या महिन्यात आठ वर्षांखालच्या मुलांची ‘ओपन’ स्पर्धा आहे, फी भरू का, सर्टिफिकेट मिळतं. मुलगा सात वर्षांचा, अजून उकिडवं बसूनच पडतो. मी लांबलचक निरोप लिहिला. त्याला आत्ता पाठवू नका. अनोळखी मूल त्याला अनोळखी जोरानं मागं पाडेल, बाही धरून ठेवेल याची खात्री मला देता येत नाही, आणि त्याची मान अजून तयार नाही. खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांना भरपूर अवकाश आहे. दिवाळीत आपल्याच हॉलमध्ये मुलांचा खेळ ठेवू, तुम्ही या, त्यात तो पडून दाखवेल आणि धरूनही दाखवेल. थोड्या वेळानं उत्तर आलं: ‘‘ठीक आहे. पण त्याला काय सांगू? तो मागं लागलाय.’’ मी लिहिलं, उद्या पाच मिनिटं लवकर आणा, मीच बोलते.

उद्याच्या जोड्या लिहिल्या. थाप ऐकायला शिकणाऱ्याला त्याच्याहून थोडी जड मुलगी. रिबीनवालीला पुन्हा उकिडवं, रिबीन तशीच ठेवून. शिट्टीवाल्याचं नाव पहिल्यांदाच जोड्यांच्या यादीत घातलं, एका शांत मुलीसमोर, आणि पुढं कंसात लिहिलं की तो आला नाही तर शिट्टी त्याच्याकडंच.